वक्तृत्व स्पर्धेत ओमानच्या सुलतान काबूसवर बोलायचंय? तयारी अशी करा

सांगली-मिरजेकडच्या स्पर्धांत 'आधुनिक राज्यकर्ते' विषय आला की दहातली आठ पोरं शाहू महाराजांवर बोलतात, ते थोरच, पण वेगळं काही करायचं असेल तर काबूस घ्या, विषय लय दमदार आहे.

जन्मतारखेपासून सुरू करू नका. थेट 1970 चं मस्कत उभं करा. रात्री तोफ व्हायची, शहराचे दरवाजे बंद, त्यानंतर बाहेर पडायचं तर हातात कंदील पाहिजेच. अख्ख्या देशात शाळा 3, त्याही फक्त पोरांच्या. डांबरी रस्ता जेमतेम 10 किलोमीटर, म्हणजे सांगलीतनं निघालं की मिरज येईस्तोवर संपला! हे वाक्य सावकाश बोला, आपल्याकडच्या माणसाला अंतर लगेच कळतं.

आता मेन मुद्दा. तेल काबूसनं आणलं असं म्हणू नका, ते 1967 पासूनच, वडील सईद बिन तैमूर गादीवर असताना, बाहेर जायला लागलं होतं. पैसा यायला लागला पण सुटत नव्हता, आणि इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेऊन आलेला पोरगा, म्हणजे काबूस, दक्षिणेतल्या सलाला शहरात नजरकैदेसारखा बसवलेला. 23 जुलै 1970 ला त्यानं इंग्रजांच्या मदतीनं वडलांना बाजूला केलं, हेही लपवू नका. मग रस्ते, दवाखाने, मुलींच्या शाळा, 1986 ला विद्यापीठ. धोफार या दक्षिणेकडच्या प्रांतातलं बंड लष्करानं मोडलं हे खरं, पण शरण आलेल्यांना माफी देऊन कामाला लावलं, माझ्या मते भाषणाचा जीव इथं आहे, एक मिनिट तरी द्या.

नुसतं कौतुक नको. पंतप्रधान, संरक्षण, परराष्ट्र, अर्थ सगळं स्वतःकडंच ठेवलं होतं. इथं आपलं साताऱ्याकडचं औंध संस्थान आणा, ना तेल ना पैसा, तरी भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 ला कारभार लोकांच्या प्रतिनिधींकडं दिला, आटपाडीसुद्धा त्याच संस्थानात होती. ही तुलना पाठ करू नका, आपल्या शब्दांत बोला.

शेवटी परीक्षक हमखास विचारतात की मूलबाळ नव्हतं मग वारस कोण? सांगा, जानेवारी 2020 मध्ये काबूस गेल्यावर त्यांचं बंद पाकीट उघडलं गेलं आणि त्यात चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचं नाव होतं.