हिमालयात ट्रेकला जाताय? मग काळ्या अस्वलाच्या खुणा वाचायला शिका

दर वर्षी मुंबईतून ग्रुपच्या ग्रुप कुलू, काश्मीरकडे निघतात आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, अस्वल दिसेल का. बहुतेक नाही दिसणार. पण त्याच्या खुणा दिसू शकतात, आणि मला विचाराल तर खरी मजा त्यातच आहे.

आधी इथला होमवर्क. राणीच्या बागेत किंवा मेळघाट, ताडोबात असतं ते वेगळं अस्वल, वाळवी खाणारं, झिपरं, लांब नखांचं. छातीवरचा पांढरट 'व्ही' बघून हिमालयातलं काळं अस्वल ओळखता येतं असं कोणी सांगितलं तर सोडून द्या, तसा व्ही आपल्यावाल्यालाही असतो. कान बघा, मोठे गोल. अंगावरचे केस आखूड, मानेभोवती मात्र आयाळीसारखे दाट. आणि झाडं संपतात त्याच्या वर, खांद्यावर वशिंड असलेलं काही दिसलं तर ते तपकिरी अस्वल, तिसरीच भानगड.

ठशांची प्रॅक्टिस बोरिवलीच्या नॅशनल पार्कात करा. कुत्र्याला चार बोटं आणि नखं उमटतात, बिबट्याला चार बोटं पण नखं नाहीत. एवढं डोळ्यात बसलं की तिकडे पाच बोटं आणि नखं लगेच कळतात. मागच्या पायाचा ठसा तर कोणीतरी अनवाणी चालून गेल्यासारखा दिसतो, जरा दचकायलाच होतं.

आता मुख्य गोष्ट, मान वर करून चाला. ओकच्या झाडावर, कुलूकडे त्याला बान म्हणतात, अस्वल बेचक्यात बसतं, फांद्या स्वतःकडे ओढून मोडतं, फळं खातं आणि त्याच फांद्या बुडाखाली सारतं, मग तिथे मचाणासारखा ढीग तयार होतो. मी पहिल्यांदा बघून छाती ठोकून सांगितलं की गरुडाचं घरटं आहे, गाईड पोट धरून हसला. खाली विष्ठा दिसली तर काडीने उकलून बघा, हात लावू नका, आत फळांच्या बिया, टरफलं सापडतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंडीसाठी चरबी साठवायची म्हणून ते दिवसरात्र खात असतं, मक्याच्या शेतात, सफरचंदाच्या बागेतही घुसतं. त्या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने फिरू नका, बोलत चाला, टेंटमध्ये खायचं ठेवू नका. समोर आलंच तर पळायचं नाही, झाडावर तर अजिबात नाही, ते तुमच्यापेक्षा भारी चढतं. हळू बोलत मागे सरका, पिल्लू दिसलं तर आई जवळच आहे असं समजा. अंगावर आलं तर पालथं पडून चेहरा आणि मान हातांनी झाका, कारण ते बऱ्याचदा तोंडावरच वार करतं.

आणि हो, अस्वलाची गुहा किंवा ढोली सापडली तर लोकेशन स्टेटसला टाकू नका प्लीज. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ही जात 'असुरक्षित' आहे, जंगल तुटतंय ते आहेच, पण औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पित्तासाठीही हिला मारतात. त्यातला कामाचा घटक म्हणजे अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, पित्ताच्या खड्यांवर डॉक्टर लिहून देतात तेच, कारखान्यात बनतं, दादरच्या केमिस्टकडेही मिळतं, तरी शिकार चालूच.