डोंगरातून येणाऱ्या छोट्या ओढ्याला पूर किती येईल, याचा अंदाज कसा काढायचा

ओढ्यावर मोरी किंवा साकव घालायचाय, काठाला बांधकाम करायचंय, पण पूर मोजायचं यंत्र त्या ओढ्यावर कधी बसलेलंच नाही, अशी परिस्थिती बहुतेक सगळ्या छोट्या ओढ्यांची असते. मग अंदाज काढावा लागतो, आणि तो दोन बाजूंनी काढायचा, एकदा पावसाकडून आणि एकदा ओढ्याकडून. एकाच सूत्रावर भरवसा ठेवला की फसलोच.

आधी पाणलोट आखून घ्या. कॉन्टूर (सारख्या उंचीच्या रेषा) असलेला नकाशा घ्यायचा, मोरीच्या जागेपासून सुरू करून डोंगराच्या धारेधारेने रेषा ओढत परत तिथेच यायचं, त्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे पाणलोट. समजा ७२ हेक्टर भरलं. मग सगळ्यात लांबच्या टोकापासून पाणी किती मीटर वाहत येतं आणि तेवढ्यात किती उतरतं ते मोजा, इथे १५०० मीटर आणि ३०० मीटर धरू, म्हणजे उतार ०.२. नकाशा बघून झाला तरी एकदा चालून या, कारण वरून जाणारा रस्ता किंवा चर शेजारच्या घळीचं पाणी आपल्या ओढ्यात वळवत असेल तर ते कॉन्टूरवर दिसत नाही.

आता टोकाचं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते काढायचं. किरपिचचं १९४० सालचं सूत्र सोपंय: ०.०१९५ गुणिले लांबीचा ०.७७ वा घात, भागिले उताराचा ०.३८५ वा घात, उत्तर मिनिटांत. आपल्याला साधारण १० मिनिटं मिळतात. हे सूत्र छोट्या शेतीच्या पाणलोटांवरून काढलेलं आहे, त्यामुळे दाट जंगलात वेळ थोडा जास्त लागू शकतो.

पुढची पायरी पावसाची, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याला १० मिनिटांतल्या जोराच्या पावसाचा दर हवाय, दिवसभराचा नाही. २४ तासांत २०० मिमी पाऊस म्हणून २४ ने भागून ताशी ८ मिमी धरलं तर आकडा हास्यास्पद लहान येतो, कारण प्रत्यक्षात सर कोसळते तेव्हा त्या १० मिनिटांचा दर ताशी १०० मिमी सहज असू शकतो. हवामान किंवा जलसंपदा खात्याकडे त्या भागाचे आयडीएफ कर्व्ह (किती वेळ, किती जोराचा पाऊस किती वर्षांतून एकदा पडतो ते दाखवणारे आलेख) असतात, त्यावरून घ्या. किती वर्षांचा पूर धरायचा तेही इथेच ठरतं. १०० वर्षांचा पूर म्हणजे १०० वर्षांतून एकदाच येणारा असं नाही, दर वर्षी १ टक्का शक्यता असलेला, म्हणजे ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के.

मग रॅशनल मेथड, म्हणजे पावसावरून पुराचा प्रवाह काढायची पद्धत: गुणांक गुणिले पावसाचा दर (ताशी मिमी) गुणिले हेक्टर, भागिले ३६०. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून येणारा वाटा, जंगलाच्या उतारावर ०.३ ते ०.५, उघड्या कातळावर ०.८ च्या पुढे. जमीन आधीच भिजून चिंब असेल किंवा जंगल जळालेलं असेल तर मी वरचाच आकडा धरतो. इथे ०.५ घेतला तर ०.५ × १०० × ७२ ÷ ३६० = १० क्युमेक (सेकंदाला १० घनमीटर), म्हणजे सुमारे ३५३ क्युसेक (सेकंदाला घनफूट). ही पद्धत साधारण ८० हेक्टरपर्यंतच्या पाणलोटाला ठीक, खूप मोठ्याला नको. आणि वर बर्फ साठत असेल तर हा आकडा अपुराच, बर्फावर गरम पाऊस पडला की दोन्हीचं पाणी एकदम येतं.

आता ओढ्याला विचारा. झाडांच्या बुंध्यांना अडकलेला पालापाचोळा, फांद्यांत गुंतलेलं गवत, कातळावरची गाळाची रेघ, या पुराच्या खुणा. सरळ, एकसारखा तुकडा निवडा, दोन्ही काठांच्या खुणा लेव्हल नळीने जुळवा, रुंदी-खोली मोजा, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार खुणांवरूनच काढा. समजा रुंदी ४ मीटर, खोली ०.९, उतार ०.०४. मॅनिंगचं सूत्र ओढ्याचा आकार, उतार आणि तळ-काठांचा खडबडीतपणा यांवरून प्रवाह देतं; त्यात खडबडीतपणा ०.०५ धरला तर साडेदहा क्युमेक येतात, ०.०७ धरला तर साडेसात, आणि ०.१ धरला तर जेमतेम पाच! जॅरेट या जलशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये दाखवलं की तीव्र उताराच्या ओढ्यांत हा खडबडीतपणाचा आकडा नेहमीच्या तक्त्यांपेक्षा बराच जास्त भरतो, म्हणून मोठे धोंडे असतील तिथे ०.०५ वर समाधान मानू नका. अजून एक पडताळा: प्रवाहाला रुंदी गुणिले खोलीने भागून वेग काढून बघा, तो ९.८१ गुणिले खोली याच्या वर्गमूळापेक्षा बराच जास्त येत असेल तर काहीतरी चुकलंय, कारण असल्या धोंड्यांच्या ओढ्यात पाणी लांबवर तेवढ्या वेगाने टिकत नाही.

दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. खुणा कुठल्या पुराच्या ते काठावरच्या जुन्या माणसांना विचारा, त्या एखाद्या साध्या वर्षाच्या असतील तर १० क्युमेकला त्या खोटं पाडत नाहीत. मी अशा वेळी मोठा आकडा धरतो, आणि मोरीचं तोंड त्याहूनही सढळ ठेवतो, कारण पुरात नुसतं पाणी येत नाही, धोंडे आणि ओंडके येतात, आणि एक आडवा ओंडका अडकला की हिशोबात बसलेली मोरीसुद्धा तुंबते.