टेम्प्लेटचे रंग बदलायला बसण्यापूर्वी: पीएसडीची तयारी

विकत घेतलेलं वेबसाइटचं टेम्प्लेट, म्हणजे तयार आराखडा, निळं आहे आणि गिऱ्हाईक हापूस विकतं, म्हणजे निळं जाऊन केशरी यायला हवं. सांगायला काम एवढंच. फोटोशॉपमध्ये रंग बदलायला क्षण पुरतो. तो निळा कुठे कुठे दडून बसलाय हे हुडकण्यात दिवस जातो. टेम्प्लेट बनवणाऱ्याने एकच निळा बटणात, सावलीत, चिन्हांत, लपवलेल्या लेयरमध्ये (चित्राच्या एकावर एक रचलेल्या थरांत) असा जागोजागी पेरलेला असतो. म्हणून रंगाला हात लावण्याआधी फाइल अशी लावून घ्या, की मुख्य रंगाचा पत्ता एकच राहील.

झिप उघडली की बहुधा पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइली, एचटीएमएलचा (वेबपानाच्या कोडचा) फोल्डर आणि मदतीची कागदपत्रं निघतात. मूळ झिप बाजूला ठेवा आणि 'रीड ओन्ली' करून टाका. कामासाठी मूळ, काम, फॉन्ट, रंग आणि निर्यात असे पाच फोल्डर पुरतात. कामाच्या फाइलींच्या नावात तारीख उलटी लिहा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. त्या आपोआप क्रमाने लागतात. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरंच' या मालिकेचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. परवानाही आत्ताच वाचा. नमुन्यातले फोटो पुष्कळदा फक्त दाखवण्यापुरते असतात, आणि जे फोटो साइटवर राहणारच नाहीत त्यांच्याशी जुळवून छटा निवडणं म्हणजे फुकटची मेहनत. गिऱ्हाइकाच्या आंब्यांचे, पेट्यांचे फोटो आधी मागवा.

मग स्क्रीन. नाइट लाइट, ट्रू टोन, डोळ्यांना आराम देणारं जे काही चालू असेल ते बंद करा, नाहीतर दुपारी निवडलेला केशरी संध्याकाळी विटकरी दिसेल. एडिट मेनूतल्या कलर सेटिंग्जमध्ये कामाची जागा (वर्किंग स्पेस) एसआरजीबी, म्हणजे वेबची नेहमीची रंगपद्धत, ठेवा, कारण ब्राउझर सीएसएसमधले (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधले) नेहमीचे रंगकोड एसआरजीबीतच वाचतो. फाइल अॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत आली असेल तर 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा. 'असाइन' केलंत तर आकडे तेच राहतात आणि दिसणारा रंग बदलतो. 'कन्व्हर्ट' केलंत तर दिसणं टिकतं, आकडे बदलतात. ही गल्लत राहिली तर चित्राची कड आणि तिच्याखालचा सीएसएसचा रंग यांच्यात बारीक पण स्पष्ट सांधा दिसतो. तो सांधा नेमका हेडरमध्येच, पानाच्या माथ्यावर, येतो.

फॉन्टची तपासणी लवकर करा. मजकुराच्या लेयरवर पिवळा त्रिकोण दिसला की फॉन्ट नाही असं समजा. जोवर त्या लेयरला हात लावत नाही तोवर अक्षरं जुन्या रूपात दिसत राहतात, दुरुस्तीला गेलात की मांडणी उडते. मराठी मजकूर भरायचा असेल तर टेम्प्लेटचा लॅटिन फॉन्ट बाजूला ठेवून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट आधीच बसवा. जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमधून दक्षिण आशियाई लिपींचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं. नाहीतर 'कि'ची वेलांटी अक्षरानंतर जाते आणि जोडाक्षरं हलंतासकट सुटी पडतात. गिऱ्हाइकाने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पाठवला असेल तर तो चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल; आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. रंगाशी याचा संबंध थेट आहे. बारीक वजनाची देवनागरी फिक्या रंगात जास्तच फिकट वाटते, त्यामुळे छटा ठरवताना समोर खरा फॉन्ट हवा.

आता मुख्य काम, निळ्याची झडती. लेयर पॅनेलमधले सगळे ग्रुप उघडा आणि लपवलेले लेयरही दाखवा, कारण बटणावर माउस नेल्यावरचं रूप, उघडलेला मेनू, चुकीच्या फॉर्मचा इशारा हे सगळं डोळा बंद करून ठेवलेलं असतं. निळा साधारण पाच रूपांत सापडतो. आकाराच्या लेयरचा भराव, मजकुराचा रंग, लेयर स्टाइलमधला कलर ओव्हरले (वरून चढवलेला रंग) किंवा ग्रेडियंट, स्मार्ट ऑब्जेक्टच्या (आत वेगळी फाइल बाळगणाऱ्या लेयरच्या) पोटातली चिन्हं, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे रंगवून सपाट केलेले पिक्सेल. पॅनेलच्या वरच्या गाळणीत 'इफेक्ट' निवडलंत की ओव्हरले असलेले लेयर वेगळे निघतात. 'काइंड' निवडून फक्त आकार किंवा फक्त स्मार्ट ऑब्जेक्ट पाहता येतात.

आयड्रॉपरवर (रंग उचलून त्याचे आकडे दाखवणाऱ्या हत्यारावर) आंधळा विश्वास नको. समजा मूळ निळा ३३, १५०, २४३ (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) आहे. तोच लेयर पांढऱ्यावर ८० टक्के अपारदर्शकतेने ठेवला असेल तर आयड्रॉपर ७७, १७१, २४५ दाखवेल, आणि तुम्ही ही दुसरीच छटा समजून यादीत एक ओळ वाढवाल. सँपल 'करंट लेयर'वर ठेवा आणि लेयरची अपारदर्शकता शेजारी लिहून घ्या. सावल्याही पाहा: टेम्प्लेटात सावली काळी असेलच असं नाही, गडद निळी असते, आणि केशरी बटणाखाली ती मळकट डाग वाटते.

सापडलेल्या लेयरला तिथल्या तिथे नाव द्या. 'लेयर ४७ कॉपी २' ऐवजी 'हेडर-पट्टी-मुख्य'. आधी जागा, मग वस्तू, मग रंगाची भूमिका. डोळ्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून मुख्य रंगाच्या लेयरना लाल, दुय्यमला पिवळं, करड्यांना राखाडी असं लेबल लावा.

रंगांची यादी कागदावर केली तरी चालेल. मुख्य, मुख्यची गडद छटा, मुख्यची फिकी छटा, एक उठावाचा रंग, मजकुराचा, पार्श्वभूमीचा, रेघांचा: सात ओळींत बहुतेक टेम्प्लेट बसतं. प्रत्येक ओळीत जुना आकडा, नवा आकडा आणि तो कशावर बसणार ते लिहा. वेबच्या सुलभता निकषांत साध्या मजकुराला ४.५ : १ आणि मोठ्या मजकुराला ३ : १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) लागतो. केशरी २५५, १५३, ५१ वर पांढरी अक्षरं घातली तर तो जेमतेम २.१३ भरतो; काळी घातली तर ९.८ च्या वर जातो. म्हणजे केशरी बटणावरचं 'ऑर्डर करा' पांढरं ठेवता येणार नाही, कितीही सुरेख दिसो. (मूळ निळ्यावरही पांढरं ३.१२ च होतं, पण ते कुणी मोजलं नव्हतं.) पांढरंच हवं असेल तर बटण गुळाच्या रंगाचं करा, १३९, ६९, १९, तिथे ७.१ मिळतात आणि केशरी फक्त पट्ट्यांना राहतो.

यादी झाली की एका घराची सोय. वर 'रंग' नावाचा ग्रुप करून त्यात प्रत्येक भूमिकेचा एक सॉलिड कलर (एकरंगी भरावाचा) लेयर ठेवा, स्वॉचेसमध्ये (जपलेल्या रंगांच्या पॅनेलमध्ये) तेच रंग त्याच नावांनी घाला. एकाच भूमिकेचे आकार एकदम निवडून, शेप टूल हातात ठेवून वरच्या पट्टीतून भराव बदलता येतो. सपाट चित्रांवर मात्र सॉलिड कलर लेयर क्लिपिंग मास्कने अडकवा, म्हणजे तो खालच्या लेयरच्या आकारापुरताच दिसेल. 'ह्यू-सॅच्युरेशन' फिरवून निळ्याचं केशरी करायचा मोह टाळा. निळा आणि केशरी एकाच उजेडाचे नसतात, त्यामुळे फिरवलेला रंग यादीतल्या आकड्यावर कधीच उतरत नाही, आणि करड्या भागांवर तर 'कलराइझ' केल्याशिवाय काही होतच नाही. अॅडजस्टमेंट लेयर (खालच्या लेयरचा रंग बदलणारा) ग्रुपमध्ये टाकलात तर ग्रुपचा मोड 'पास थ्रू'वरून 'नॉर्मल' करा, नाहीतर तो ग्रुपबाहेरच्या खालच्या लेयरनाही रंगवतो.

स्मार्ट ऑब्जेक्टची एक खोच लक्षात ठेवा. कंट्रोल-जे करून घेतलेली प्रत मूळशी जोडलेलीच राहते, एक उघडून रंगवलंत की सगळ्या बदलतात. चिन्हांसाठी हे सोयीचं. पण तळाच्या गडद पट्टीतलं चिन्ह वेगळ्या रंगाचं हवं असेल तर 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' घ्या. लेयर स्टाइल चिकटवतानाही जपा, ती जुनी स्टाइल पुसून बसते, सावलीसकट. गिऱ्हाइकाला दोन-तीन पर्याय दाखवायचे असतील तर लेयर कॉम्प (एकाच फाइलीतल्या जपून ठेवलेल्या अवस्था) वापरा, पण कॉम्प लेयर दिसतो की नाही, तो कुठे आहे आणि त्याची स्टाइल एवढंच लक्षात ठेवतो. भरावाचा रंग ठेवत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाचे सॉलिड कलर लेयर वेगळे हवेत.

निर्यातीआधी एचटीएमएलचा फोल्डर कोड एडिटरमध्ये उघडून जुना निळा शोधा: सहा अक्षरी हेक्स कोड लहान-मोठ्या दोन्ही अक्षरांत, आरजीबीएच्या (रंग आणि पारदर्शकतेच्या आकड्यांच्या) रूपात आणि एसव्हीजी (रेषाचित्रांच्या) फाइलींच्या आतही. कोड ज्या नावाने चित्र बोलावतो तेच नाव निर्यातीत ठेवा. विंडोजवर मोठा 'एल' आणि लहान 'एल' चालून जातो, लिनक्स सर्व्हरवर लोगो गायब होतो. सीएसएसच्या रंगाला चिकटून बसणारी चित्रं पीएनजी घ्या. जेपीजीच्या दाबामुळे आकडा एखाद्या घराने हलतो आणि कड दिसते. फॅव्हिकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवरचं चिमुकलं चिन्ह, हमखास विसरला जातो.

सगळं लागलं की खरा केशरी घालण्याआधी मुख्य रंगाच्या लेयरना भडक गुलाबी द्या, २५५, ०, २५५. सीएसएसमध्येही तोच टाका, कंट्रोल-एफ५ दाबून पान ताजं करा आणि एकेक पान, एकेक बटण माउस नेऊन पाहा. जे अजून निळं आहे ते यादीतून सुटलंय. जे नको तिथे गुलाबी झालंय ते चुकीच्या भूमिकेत लावलंय. ही गुलाबी प्रत सेव्ह करावीच लागली तर नावात 'चाचणी' लिहा, नाहीतर एखाद्या रात्री घाईत तीच गिऱ्हाइकाच्या मेलला जोडली जाते.