वक्तृत्व स्पर्धेसाठी कारेन ओल्सेन बेक यांच्यावर भाषण कसं बसवायचं

सतरा सप्टेंबर जवळ आला की आमच्या अंबाजोगाई तालुक्यात वक्तृत्व स्पर्धांची धांदल सुरू होते. विषय ‘माझी आदर्श महिला’ असला की बहुतेक मुली त्याच तीन-चार नावांवर बोलतात. ती नावं थोरच आहेत, पण परीक्षकांनी ती भाषणं इतक्यांदा ऐकलेली असतात की पोरीचं स्वतःचं म्हणणं त्यात हरवून जातं. म्हणून मी मुलींना मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका या देशाच्या कारेन ओल्सेन बेक यांचं नाव सुचवते. राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून त्या सार्वजनिक जीवनात आल्या, पुढे इस्रायलमध्ये आपल्या देशाच्या राजदूत झाल्या आणि 1990 ते 1994 या काळात कोस्टा रिकाच्या संसदेच्या सदस्य होत्या. पाच मिनिटांच्या भाषणाला हे आयुष्य पुरून उरतं.

सुरुवात वहीपासून करा. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘त्यांच्या बाबतीत घडलं ते’, उजवीकडे ‘त्यांनी केलं ते’. मूळचं डॅनिश घराणं, अमेरिकेत गेलेलं बालपण, हे डावीकडे. 1954 मध्ये राष्ट्राध्यक्ष होसे फिगेरेस फेरेर यांच्याशी लग्न करून परक्या देशात संसार मांडला, हे उजवीकडे. 1954 ते 58 आणि पुन्हा 1970 ते 74 राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून मिळालेला मान डावीकडे, कारण तो नवऱ्याच्या निवडणुकीवर अवलंबून होता. राजदूतपद आणि संसदेतली जागा उजवीकडे. भाषणाचा निम्म्याहून जास्त वेळ उजव्या बाजूला गेला पाहिजे.

हे मी आग्रहानं सांगते, त्याला कारण आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण कितीतरी गावांत सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हे मुली घरीदारी बघतात. त्यामुळे ‘अमक्याची बायको’ एवढ्या ओळखीवर त्यांची लेखणी सहज थांबते. आठवीतल्या एका मुलीनं पहिल्या खर्ड्याचं अख्खं पान फिगेरेस यांच्यावर लिहिलं होतं. मी तिला लाल पेन दिला आणि म्हटलं, प्रत्येक वाक्यातल्या कर्त्याखाली रेघ मार. रेघा मारून झाल्यावर तीच म्हणाली, “बाई, हे तर त्यांच्या मालकाचंच भाषण झालं की!” मग तिनं ते पान बाजूला ठेवलं आणि नव्यानं लिहायला घेतलं. दुसरा खर्डा फार चांगला उतरला.

तरी फिगेरेस यांच्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. त्यांना दोन वाक्यं द्या, पण भक्कम द्या. ज्या 1948 साली आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला, त्याच वर्षी कोस्टा रिकात यादवी युद्ध झालं आणि ते जिंकलेल्या फिगेरेस यांनी 1 डिसेंबरला देशाचं सैन्यच बरखास्त केलं. राजधानी सान होसेतल्या ज्या लष्करी बराकीत ही घोषणा झाली, तिथं आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठवाड्यातल्या श्रोत्यांसमोर 1948 म्हटलं की सभागृह लगेच कान देतं. कोस्टा रिकाचा स्वातंत्र्यदिन 15 सप्टेंबरचा, आपल्या मुक्तिसंग्राम दिनाच्या दोनच दिवस आधी, हेही जाता जाता सांगता येईल.

भाषणाचा गाभा मात्र जानेवारी 1955 ठेवा. डिसेंबर 1954 मध्ये कारेन यांचा मुलगा होसे मारिया जन्मला. तो महिन्याचाही झाला नव्हता तोच शेजारच्या निकाराग्वातून बंडखोरांनी देशावर हल्ला केला. त्यांच्या पाठीशी निकाराग्वाचा हुकूमशहा सोमोसा होता. कोस्टा रिकाकडे सैन्य नव्हतं. सरकारनं अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेकडे धाव घेतली. संघटनेनं मध्यस्थी केली, आणि अमेरिकेनं चार लढाऊ विमानं नावापुरती एकेक डॉलरला दिली. हल्ला परतवला गेला. ओली बाळंतीण, कुशीत तान्हं लेकरू आणि सीमेवर गोळीबार, एवढं सांगितलं तरी समोरच्या आया गप्प होतात. इथं मुलींना एक सक्त सूचना द्या: कारेन रडल्या, घाबरल्या, देवाचा धावा केला, असं मनानं काही जोडायचं नाही. घडलं तेवढं संथ आवाजात सांगायचं.

याच प्रसंगातून राजदूतपदाकडे जा. ज्या देशाकडे रणगाडे नाहीत, त्याचं संरक्षण बोलण्यावर, करारांवर आणि मैत्रीवर उभं असतं. अशा देशाचा राजदूत परक्या राजधानीत राहून आपल्या सरकारचं म्हणणं मांडतो, तिथल्या घडामोडी घरी कळवतो, व्यापाराची बोलणी करतो, अडचणीतल्या आपल्या माणसांना मदत करतो. परीक्षक हमखास विचारतात, “राजदूत नेमकं काय करतो?” उत्तर मुलीच्या तोंडपाठ असू द्या.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक, कोस्टा रिकातल्या बायकांना मताचा हक्क कारेन यांच्यामुळे मिळाला असं कुणीतरी लिहितं. तो 1949 च्या राज्यघटनेनं दिला आणि 1950 मध्ये बायकांनी पहिल्यांदा मत टाकलं. कारेन यांचं लग्न त्यानंतरचं. दुसरं, त्या आधीच्या काळातल्या फिगेरेस यांच्या पत्नी वेगळ्या, हेन्रिएटा बॉग्ज. दोघींची सरमिसळ करू नका. आणि नाव पूर्ण घ्या. तिकडे वडिलांकडचं आणि आईकडचं अशी दोन आडनावं लावतात आणि लग्नानंतर ती बदलत नाहीत. मुलींना हे फार आवडतं, त्यावर त्या घरी जाऊन बोलतात.

शेवट कुठं करायचा, यावर माझं मत ठाम आहे. मुलगा होसे मारिया 1994 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. मुलगी क्रिस्तियाना संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक सचिवालयाची प्रमुख होती, 2015 च्या पॅरिस करारामागे तिचे मोठे श्रम आहेत. हे वाक्य टाळ्या घेतं, म्हणून सगळ्यांना ते शेवटी हवं असतं. ते मध्ये घ्या. नाहीतर नवऱ्याच्या नावानं सुरू झालेलं भाषण लेकरांच्या नावावर संपतं. शेवटचं वाक्य 57 सदस्यांच्या संसदेतल्या त्यांच्या स्वतःच्या जागेचं असू द्या.

फुलस्केपच्या दीड पानात हे सगळं बसतं. स्पर्धेला जाताना जगाचा नकाशा एकदा दाखवून ठेवा: वर निकाराग्वा, खाली पनामा, एका अंगाला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या अंगाला प्रशांत महासागर. हा प्रश्न येतोच.