ॲन बोलिनचं चरित्र वाचताना वाक्यावाक्याचा फेरफार कसा काढावा

सात-बारावर आज वावर कोणाच्या नावावर आहे एवढंच दिसतं. ते नाव तिथे कधी चढलं, वारसाने की खरेदीने, कोणाच्या जबाबावरून, हे पाहायचं तर फेरफार काढावा लागतो. चरित्राचंही तसंच आहे. छापलेलं वाक्य हा सात-बारा. ते पहिल्यांदा कोणी म्हटलं आणि आपल्यापर्यंत येताना त्यात काय बदललं, हा त्याचा फेरफार.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन हिच्याबाबत हे काम फारच गरजेचं आहे. १ जून १५३३ ला तिचा राज्याभिषेक झाला आणि १९ मे १५३६ ला लंडनच्या टॉवरमध्ये तिचा शिरच्छेद. हेन्रीने तिला लिहिलेली १७ प्रेमपत्रं व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आजही आहेत, पण तिने दिलेली उत्तरं उरलेली नाहीत. तिच्या मृत्यूनंतर कॅथलिक लेखकांनी तिला धर्म बुडवणारी ठरवलं, प्रोटेस्टंट लेखकांनी धर्म आणणारी. आजची चरित्रं या दोन्ही बाजूंच्या कागदांवरच उभी आहेत.

तालुक्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन एम.ए. करणाऱ्यांना किंवा गावच्या वाचनालयात चारचौघांनी बसून वाचणाऱ्यांना ही पद्धत सहज जमेल. साहित्य थोडंच लागतं: दोनशे पानी वही, निळा आणि लाल पेन, तळटीपा असलेलं एक चरित्र आणि मोबाईल. तळटीपा नसलेलं पुस्तक गोष्ट म्हणून खुशाल वाचा, पण त्यावर प्रबंध किंवा व्याख्यान उभं करू नका. कापूस वेचणी आटोपल्यावरचे दहा-बारा मोकळे दिवस पुरतात. सुरुवातीला एका वाक्याला एक संध्याकाळ लागते, हात बसला की अर्धा तास.

आधी वाक्यं निवडा. एका प्रकरणातून दहाच घ्या. तारीख-वार सांगणारी साधी वाक्यं सोडा. जिथे चरित्रकार राणीच्या मनात शिरतो किंवा तिला विशेषण लावतो ती उचला. ‘महत्त्वाकांक्षी’, ‘कावेबाज’, ‘धर्मशील’, ‘आनंदाने बेभान झाली’, ‘सूडाने पेटली’ असे शब्द दिसले की निळी रेघ ओढा. आता वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा: वाक्य, सगळ्यात आधी कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, तो तिथे होता की ऐकून लिहितोय, आणि तो कोणाची भाकर खात होता. तिसरा आणि पाचवा रकाना कधीच कोरा ठेवू नका. बहुतेक वाचक इथेच चुकतात: लेखकाचं नाव लिहितात आणि मधली वर्षं मोजत नाहीत.

साक्षीदार फार नाहीत. फिरून फिरून तेच पाच-सहा जण भेटतात, म्हणून त्यांची कुंडली वहीच्या पहिल्या पानावर मांडून ठेवा. सगळ्यात जास्त भेटेल तो युस्टास शापुई. तो १५२९ पासून लंडनमध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचा वकील, म्हणजे राजदूत होता. हेन्रीने टाकलेली पहिली राणी कॅथरिन ही त्या चार्ल्सची सख्खी मावशी. शापुईला इंग्रजी नीट येत नव्हतं, तो फ्रेंचमध्ये लिहायचा आणि बातम्या खबऱ्यांकडून व कॅथरिनच्या माणसांकडून घ्यायचा. ॲनला तो ‘राणी’ म्हणतच नाही, ‘ती बाई’ किंवा ‘उपपत्नी’ म्हणतो. पण घटनेनंतर आठ-दहा दिवसांत तारखेसकट लिहिणारा दुसरा इतका बोलका साक्षीदार मिळत नाही, म्हणून त्याला टाकून देता येत नाही.

त्याला वापरायचं कसं, हे धुऱ्याच्या भांडणावरून चटकन समजतं. धुरा दोन हात सरकला असं शेजारी आपल्या फायद्याचं बोलला तर ते मोजून घ्यावं लागतं. पण तोच शेजारी आपल्या तोट्याचं बोलला तर त्याला वजन येतं. शापुईने ॲनच्या विरोधात लिहिलेल्या वाक्यापुढे लाल खूण करा. तिच्या बाजूने लिहिलेल्या वाक्याखाली निळ्या दोन रेघा ओढा. मे १५३६ मध्ये ॲनवर व्यभिचाराचा खटला चालला, त्याबद्दल हाच माणूस कळवतो की सोबतच्या आरोपींना पक्का पुरावा किंवा कबुली नसताना, केवळ संशयावरून दोषी ठरवलं. फक्त दरबारी वादक मार्क स्मीटनने कबुली दिली होती, हेही तो सांगतो. ॲनच्या वैऱ्याच्या राजदूताने लिहिलेलं हे वाक्य तिच्या दहा भक्तांच्या स्तुतीपेक्षा भारी आहे.

निकोलस सँडर हा दुसरा. परदेशी निघून गेलेला हा कॅथलिक धर्मगुरू ॲन मेली तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. त्याचा लॅटिन ग्रंथ तो वारल्यावर १५८५ मध्ये छापला गेला, म्हणजे तिसऱ्या रकान्यात ४९ वर्षं. गादीवर तेव्हा ॲनची मुलगी एलिझाबेथ होती, आणि तिचा धर्म व जन्म दोन्ही खोटे ठरवणं हा त्याचा हेतू होता. ॲनच्या उजव्या हाताला सहा बोटं होती, हनुवटीखाली आवाळू होतं, हे त्याचंच. एखाद्याने लिहिलं नाही म्हणून ते नव्हतं, असा तर्क एरवी लंगडा असतो. इथे मात्र तो चालतो, कारण सहावं बोट दिसलं असतं तर शापुईने ते सम्राटाला कळवल्याशिवाय राहिलं नसतं. १५३२ मधलं एका व्हेनिसच्या माणसाचं वर्णनही आहे: मध्यम उंची, सावळा रंग, लांब मान, रुंद तोंड, काळे सुंदर डोळे. बोटाचा उल्लेख त्यातही नाही.

स्तुती करणाऱ्यांनाही हाच तक्ता लावा. जॉन फॉक्सचा हुतात्म्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १५६३ चा, ॲनचा धर्मगुरू विल्यम लॅटिमर याने लिहिलेली आठवण एलिझाबेथच्या राज्यातली. राज्य करणाऱ्या राणीच्या आईबद्दल कोणी कडू लिहील का? ॲन गरिबांना दान द्यायची ते खोटं, असा याचा अर्थ नाही. पण दानाचा आकडा आला की तो १५३३ ते १५३६ मधल्या खर्चाच्या कागदात सापडतो का, ते पाहायचं.

आता एक वाक्य शेवटपर्यंत काढून पाहू. बऱ्याच पुस्तकांत असतं: ‘जानेवारी १५३६ मध्ये राणीचा विकृत गर्भ पडला आणि राजा भ्यायला.’ गर्भपात २९ जानेवारीचा, ज्या दिवशी कॅथरिनला पीटरबरोला पुरलं तोच दिवस. १० फेब्रुवारीच्या पत्रात शापुई लिहितो की गर्भ मुलाचा वाटत होता आणि साडेतीन महिनेही भरले नव्हते. दरबारातला चार्ल्स रायोथस्ली आपल्या बखरीत मुलगाच म्हणतो आणि पंधरा आठवडे सांगतो. विकृती दोघांकडेही नाही. आकार नसलेला मांसाचा गोळा पहिल्यांदा दिसतो तो सँडरकडे, ४९ वर्षांनी. १९८० च्या दशकात हाच गोळा उचलून ॲनच्या पतनाची एक अख्खी उपपत्ती मांडली गेली आणि कादंबऱ्या-मालिकांतून ती घरोघर पोचली. वहीत लिहा: ‘गर्भपात पक्का, मुलगा असावा, दोन समकालीन, विकृती एकच, ४९ वर्षांनी, वैरी.’ वाक्य एकच होतं, पण त्याच्या तीन तुकड्यांची किंमत वेगवेगळी निघाली.

पिवळ्या कपड्यांचं उदाहरण आपल्या वाचकासाठी जास्त उपयोगाचं आहे. ७ जानेवारी १५३६ ला कॅथरिन वारली. त्यानंतर राजा डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या कपड्यांत आला, टोपीत पांढरं पीस होतं, असं शापुई लिहितो. एडवर्ड हॉलच्या १५४८ मध्ये छापलेल्या बखरीत मात्र पिवळं नेसलेली ॲन आहे, आणि तो म्हणतो की ते सुतकासाठी होतं. पुढच्या चरित्रांनी दोघांनाही पिवळं नेसवून नाचायला लावलं. काहींनी पिवळा हा स्पेनचा सुतकाचा रंग असल्याचं ठोकून दिलं, ज्याला आधार नाही. यात आपली म्हणून एक चूक होते. आपल्याला पिवळं दिसलं की हळद दिसते, लग्नघर दिसतं, आणि ॲन आनंदाने न्हाली असं आपण न विचारता मानतो. तो अर्थ आपल्या अंगणातला आहे, तिच्या दरबारातला नाही. अशा ठिकाणी समासात ‘माझं’ असं लिहून ठेवा.

आरोपपत्राच्या तारखा तपासणं सोपं आहे आणि हाताला लगेच काही लागतं. राजाचा जवळचा दरबारी हेन्री नॉरिस याच्याशी व्यभिचारासाठी ६ आणि १२ ऑक्टोबर १५३३, जागा वेस्टमिन्स्टर, असं त्यात म्हटलं आहे. एलिझाबेथ जन्मली ७ सप्टेंबरला, ग्रीनिचला. बोटांवर मोजा: २९ वा आणि ३५ वा दिवस, दोन्ही आपल्या सव्वा महिन्याच्या आत. बाळंतिणीने महिनाभर बाहेर न पडण्याची रीत तिथल्या राजघराण्यातही होती आणि ॲन तेव्हा ग्रीनिचलाच होती. मात्र इथे घाई नको. त्याच आरोपपत्रात ‘त्याच्या आधी व नंतर इतर दिवशीही’ अशी पळवाट ठेवलेली आहे. त्यामुळे चुकलेली तारीख आरोपपत्र निष्काळजीपणे रचल्याचं दाखवते, एकट्याने निर्दोषत्व सिद्ध करत नाही. ॲनच्या बाजूची चरित्रं ही पळवाट गाळतात, विरोधातली चरित्रं तारखाच गाळतात. काय गाळलंय ते शोधायला एकाच घटनेसाठी दोन चरित्रं शेजारी उघडी ठेवावी लागतात, दुसरा उपाय नाही.

तारखांचा आणखी एक खड्डा आहे. त्या काळी इंग्लंडात सालाचा आकडा २५ मार्चला बदलायचा. म्हणून जानेवारी १५३६ चा कागद स्वतःला १५३५ म्हणवतो. आपलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, तसंच हे. जानेवारी ते २४ मार्चमधली कोणतीही तारीख आली की साल जुनं की नवं ते वहीत नोंदवा. नाहीतर गर्भपात वर्षभर मागे जातो आणि त्यावर बांधलेली कारणं सगळी कोसळतात.

मराठी अनुवाद वाचत असाल तर शब्दांकडे जास्त लक्ष हवं. शापुईच्या एका शब्दाला मराठीत ‘उपपत्नी’, ‘रखेल’, ‘अंगवस्त्र’ असे तीन पर्याय आहेत आणि तिघांची शिवी वेगवेगळ्या वजनाची. ‘सवत’ तर सगळ्यात धोक्याचा. सवत म्हटलं की दोन्ही बायका एका घरात नांदताहेत आणि भांडण बायकांचंच आहे असं चित्र उभं राहतं, राजा बाजूला निसटतो. हेन्रीचा दावा तर कॅथरिनशी लग्नच झालं नव्हतं असा होता. अनुवाद करताना किंवा व्याख्यानात बोलताना नाव घ्या: कॅथरिन, ॲन, हेन्री. विशेषण दुसऱ्याचं असेल तर ‘शापुईच्या शब्दांत’ असं म्हणा.

मूळ कागद पाहायला लंडनला जावं लागत नाही. आठव्या हेन्रीच्या राज्यातल्या पत्रांचे इंग्रजी सारांश ‘लेटर्स अँड पेपर्स’ या नावाने इंटरनेटवर आहेत. जानेवारी ते जून १५३६ साठी दहावा खंड काढा. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो, तळटीपेतला क्रमांक तिथे टाका. तालुक्याला गेलात की लागणारी पानं मोबाईलमध्ये उतरवून घ्या, गावात रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो. आडनाव बोलिन, बुलेन, बोलेन असं तिन्ही प्रकारे शोधा. हे सारांश एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी केलेले आहेत, हे विसरू नका. त्यातला एखादा टोचणारा शब्द शापुईचा नसून त्यांचा असू शकतो. टॉवरचा अधिकारी विल्यम किंग्स्टन याची पत्रं १७३१ च्या आगीत होरपळली. तिथे मधे जागा सुटलेली दिसली की ती जागा चरित्रकाराने स्वतःच्या शब्दांनी भरली आहे का, ते ताडून पाहा.

शेवटी जन्मसाल. ते १५०१ च्या सुमाराचं की १५०७ चं, हा वाद मिटलेला नाही. १५१४ च्या सुमारास तिने वडिलांना लिहिलेलं फ्रेंच पत्र उरलं आहे, आणि ते अक्षर सात वर्षांच्या मुलीचं वाटत नाही, म्हणून बरेच जण १५०१ कडे झुकतात. १५०७ हे साल इतिहासकार विल्यम कॅम्डेनच्या सतराव्या शतकातल्या छापील ग्रंथाच्या समासातून आलं. एका हिशोबाने मरताना ती पस्तिशीची, दुसऱ्याने एकोणतिशीची. उतार वयाची घायकुतीला आलेली राणी हवी असलेला चरित्रकार पहिलं साल घेतो, कोवळा बळी हवा असलेला दुसरं. वहीत दोन्ही सालं लिहा, आणि चरित्रातलं वयावर बेतलेलं प्रत्येक वाक्य दोन्ही आकडे घालून वाचा. जे वाक्य एकाच आकड्यावर उभं राहतं, त्याच्यापुढे लाल खूण.