पंपावरून उतरताना हृदय ढेपाळलं तर काय करायचं

कार्डियाक अॅनेस्थेशियात नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. बायपास मशीनवरून (ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसाचं काम करणारा पंप) पेशंट उतरवताना बीपी चढत नाही म्हटलं की हात आधी अॅड्रेनालिनकडे जातो. औषध बऱ्याचदा लागतंच, पण हृदय कशामुळे दमलंय ते न बघता डोस वाढवत गेलात तर त्या स्नायूला ऑक्सिजन जास्त लागतो आणि हाती काहीच येत नाही.

म्हणून आधी हे बघा, टेंपरेचर ३६ च्या वर आहे ना, पोटॅशियम, आयोनाइज्ड कॅल्शियम आणि अॅसिडोसिस ठीक आहे ना, व्हेंटिलेटर चालू केलाय ना (घाईत हे खरंच राहून जातं!). ठोके कमी असतील तर ८० ते ९० वर पेसिंग (तारेने विजेचे ठोके देणं) लावा, जमलं तर एट्रियमपासून (वरचा कप्पा), कारण कडक झालेल्या एलव्हीला (डावा खालचा कप्पा) एट्रियमचा तो शेवटचा धक्का फार लागतो. आणि रेडियल लाइनवर (मनगटातून बीपी मोजणारी नळी) डोळे मिटून विश्वास नको, बायपासनंतर ती कधीकधी खऱ्यापेक्षा कमी दाखवते. सर्जनला एओर्टाला (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) हात लावून बघायला सांगा, ती टणक लागत असेल तर फीमोरल (जांघेतल्या धमनीचं) प्रेशर घ्या.

आता इको (हृदयाची सोनोग्राफी). सगळा निर्णय इथेच होतो. एलव्ही रिकामा दिसतोय, जोरात आवळतोय, तर व्हॉल्यूम द्या. मायट्रल झडपेच्या रिपेअरनंतर तिचं पान रक्त बाहेर जायच्या वाटेत ओढलं जात असेल तर इनोट्रोपने (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) ते आणखी बिघडतं, तिथे इनोट्रोप बंद, व्हॉल्यूम आणि फिनाइलएफ्रिन (रक्तवाहिन्या आवळणारं औषध). आरव्ही (उजवा खालचा कप्पा) अचानक फुगला आणि ईसीजीच्या खालच्या लीड्समध्ये एसटी भाग वर गेला तर उजव्या कोरोनरी धमनीत हवा गेली असेल असं समजा, प्रेशर वर ठेवून थोडं थांबलं की बहुतेक वेळा निवळतं.

एवढं बघून झाल्यावरही एलव्ही भरलेला आणि सुस्त असेल तर मग औषध. डोब्युटामिन २.५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, किंवा अॅड्रेनालिन त्याच मापात ०.०२ ते ०.१. अॅड्रेनालिनने लॅक्टेट (एरवी रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण) आणि शुगर वाढते, त्यामुळे नुसतं लॅक्टेट बघून घाबरू नका, बाकीचं चित्र बघा. आरव्ही दमलाय, पल्मनरी प्रेशर जास्त आहे, किंवा बरेच दिवस बीटा ब्लॉकर चालू होतं, अशा वेळी मला मिल्रिनोन आवडतं, ०.३७५ ते ०.७५ ने. पण ते रक्तवाहिन्या सैल करतं, बीपी पडतं, म्हणून लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) मी शक्यतो टाळतो, द्यायचंच तर पंपावर असतानाच, आणि नॉरअॅड्रेनालिन किंवा व्हॅसोप्रेसिन सोबत जोडून तयार ठेवतो. किडनी कमजोर असेल तर मिल्रिनोनचा डोस कमी करा, ते लघवीतूनच बाहेर जातं आणि साचलं की तासन्‌तास उतरत नाही. लेव्होसिमेंडान या आणखी एका इनोट्रोपचा गाजावाजा खूप झाला पण २०१७ च्या मोठ्या ट्रायल्समध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, त्यामुळे सरसकट नको.

सगळं सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेतली नळी), सिरिंज पंपावर, वेगळ्या ल्युमेनमधून (नळीतली स्वतंत्र वाट). त्याच ल्युमेनमधून कोणी दुसरं औषध ढकललं तर आत साचलेलं अॅड्रेनालिन एकदम जातं आणि बीपी २०० पार. ०.०३ सारख्या रेटला औषध लाइनमधून हृदयापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, म्हणून उतरायच्या पाच-दहा मिनिटं आधी सुरू करा.

दोन औषधं बऱ्यापैकी डोसवर आहेत आणि एलव्ही तरी फुगतोय, तर तिसरं जोडत बसू नका. सर्जनला स्पष्ट सांगा, परत पंपावर जा, हृदयाला रिकामं ठेवून १५-२० मिनिटं विश्रांती द्या, ग्राफ्ट (जोडलेली नवी रक्तवाहिनी) वाहतोय का ते तपासून घ्या. पुन्हा उतरताना तेच झालं तर बलून पंप किंवा एक्मो (हृदयाला यंत्राचा आधार), आणि तो निर्णय पेशंट टेबलवर असतानाच घ्या, आयसीयूत पोचल्यावर नाही.