गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांची जुनी रेकॉर्ड हाती आली तर

लगेच वाजवू नका. माडीवरच्या ट्रंकेत कितीतरी पावसाळे काढलेल्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी असते. तिच्यावरून पिन फिरली की घाण खाचेत घट्ट बसते आणि मग निघत नाही.

आधी लेबल वाचा. ‘अमृतमंथन’ (१९३४), ‘अमरज्योती’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८) ही ‘प्रभात’ या चित्रपट कंपनीतली त्यांची गाजलेली कामं. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ नावाने आला, त्यामुळे गाणं कोणत्या भाषेतलं तेही पाहा. प्रभात कंपनी कोल्हापुरात १९२९ साली निघाली खरी, पण १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. म्हणजे हे चारही चित्रपट पुण्याचे. ‘आपल्या कोल्हापूरच्या स्टुडिओतलं गाणं हाय’ म्हणून कुणी दर चढवत असेल, तर तेवढे पैसे वाचवा.

आता धुणं. जास्तीत जास्त रेकॉर्डी इथेच खराब होतात. ही तबकडी लाखेची असते आणि लाख अल्कोहोलात विरघळते. त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर, सेंट यांतलं काहीही लावू नका. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोनच थेंब टाका. मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवा नको. लेबल कोरडं ठेवा. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत राहतात आणि कचकच ऐकू येते. सुती कापडाने टिपून घ्या आणि पंख्याखाली उभी वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकडी होते.

चावीच्या ग्रामोफोनवर लावणार असाल तर दर बाजूला नवी स्टीलची पिन घाला. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेचं टोक झिजवते. तीच पिन पुन्हा वापरली की झिजलेली धार खाच खरवडते. जुन्या साउंडबॉक्सचं (पिन बसते त्या गोल डबीचं) वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, हेही ध्यानात घ्या.

त्यापेक्षा ७८ चा वेग (मिनिटाला ७८ फेरे) असलेला विजेवरचा टर्नटेबल बरा. सुई मात्र ३ मिलची हवी (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई जेमतेम ०.७ मिलची, ती खाचेच्या तळाशी घासते आणि आवाजापेक्षा खरखरच जास्त येते. सुईचा दाब ३ ते ५ ग्रॅम. वेग तपासायला ७७ रेघांची स्ट्रोब चकती ठेवा (आपली वीज ५० हर्ट्झची) आणि जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहा; वेग बरोबर असला की फिरत्या चकतीवरच्या रेघा स्थिर दिसतात. एलईडीखाली बहुधा रेघा स्थिर दिसतच नाहीत. वेग थोडा जरी वाढला तरी बाईंचा सूर चढा लागतो, आणि ऐकणारा म्हणतो, आवाज किती पातळ!

गाणं कॉम्प्युटरवर घेताना फाइल डब्ल्यूएव्ही (WAV) प्रकारची, २४ बिटची ठेवा. खरखर काढायचा फिल्टर मूळ फाइलवर कधीच लावू नका, प्रतीवर लावा. फिल्टरच्या जोरात तानांची धार जाते. नंतर चित्रपटाशी ताडून पाहा. ‘कुंकू’त वेगळं पार्श्वसंगीत नाहीच, सगळे आवाज प्रसंगातले. पडद्यावरचं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं एकच आहे असं धरून चालू नका.

ठेवताना उभ्या, नव्या कागदी पाकिटात. जुनं पाकीट ओल धरतं, पण त्यावर काही लिहिलेलं असेल तर ते वेगळं जपा.